भाचीचा गाईड आणि एच इंडेक्सची भानगड

चवथ जवळ आली की गोव्यात दोन बातम्या हटकून येतात. एक माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान महागल्याची आणि दुसरी जगातल्या अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांत आपल्याकडचे अमुक तमुक आल्याची. पहिली सगळ्यांना कळते. दुसरीवर व्हॉट्सअॅप ग्रुपात फुलांचे गुच्छ पडतात, अभिनंदन सर, प्राउड ऑफ यू सर, आणि हे २ टक्के कोणी मोजले, कशावरून मोजले हे कोणीच विचारत नाही, कारण विचारलं तर हा जळतोय असाच अर्थ निघतो.

मी कॉलेजात लायब्रेरियन आहे, त्यामुळे हे आकडे काढून द्यायचं काम बऱ्याचदा माझ्याच टेबलावर येतं. प्रमोशनची फाईल लावायची वेळ आली की प्राध्यापक मंडळी चहाच्या सुट्टीत येतात, "जरा माझा एच इंडेक्स काढून दे रे, स्कोपसचा नको हां, गूगल स्कॉलरचा दे." स्कोपस आणि गूगल स्कॉलर म्हणजे कोणाच्या पेपराचा किती संदर्भ घेतला गेला ते मोजणारे डेटाबेस, त्यातला गूगल स्कॉलरचाच का ते पुढे सांगतो.

ह्या वेळी मात्र विचारणारी माझी भाची होती. मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी झाली, नेट निघाली, आता इम्युनॉलॉजीत, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या शास्त्रात, पीएचडी करायची म्हणते. गाईड कोणाला करायचं म्हणून तिने दोन प्राध्यापकांच्या प्रोफाईलच्या लिंक पाठवल्या आणि खाली लिहिलं, "मामा, एकाचा एच इंडेक्स ४६ आणि दुसऱ्याचा १९. म्हणजे पहिलाच ना?" तिला व्हॉइस मेसेजमध्ये उत्तर द्यायला गेलो तर ते संपेचना, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी एच इंडेक्स म्हणजे काय ते पटकन. एखाद्याचे सगळे पेपर घ्यायचे, ज्याला जास्त लोकांनी सायटेशन दिलंय, म्हणजे आपल्या पेपरात त्याचा संदर्भ दिलाय, तो वर असे उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत यायचं. एकोणिसाव्या पेपरला निदान १९ सायटेशन असतील पण विसाव्याला २० भरत नसतील तर तुमचा एच इंडेक्स १९. बस, एवढंच आहे ते. होर्हे हिर्श नावाच्या कॅलिफोर्नियातल्या फिजिक्सवाल्याने २००५ साली हा काढला, तोही मुळात फिजिक्सवाल्यांना एकमेकांशी ताडून बघायला, आणि बघता बघता तो सगळ्यांच्या मानगुटीवर बसला, इम्युनॉलॉजीवाल्यांच्याही.

सायटेशन मोजायची मूळ कल्पना मात्र आमच्या लायनीतल्या माणसाची, हे मी नेहमी थोडं छाती काढून सांगतो. यूजीन गारफील्ड. केमिस्ट्री शिकला, मग कोलंबिया विद्यापीठातून लायब्ररी सायन्स केलं. अमेरिकेत वकिलांसाठी एक सूची असायची, कुठल्या जुन्या निकालाचा पुढे कुठल्या खटल्यांत आधार घेतला ते सांगणारी, ती बघून ह्याला वाटलं की शास्त्रातल्या पेपरांचं पण असंच करता येईल. १९५५ साली त्याने 'सायन्स'मध्ये तशी कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स बाजारात आणला. हेतू काय, तर एक पेपर हातात आला की त्याचा धागा धरून पुढचं कोणी काय केलं ते शोधता यावं. शोधायचं साधन होतं ते. माणसांना मार्क द्यायला लोकांनी नंतर वापरलं, तो भाग वेगळा.

आता भाचीच्या प्रश्नाकडे येतो, आणि त्यासाठी तिच्याच विषयातला एक माणूस घेतो. टिम मॉसमन. इम्युनॉलॉजी शिकलेल्या कोणालाही हे नाव माहीत असतं, आणि इम्युनॉलॉजीशी काडीचा संबंध नसलेल्या हजारो लोकांनी पण ते आपल्या पेपरात लिहिलेलं असतं. गंमत तिथेच आहे.

१९८० च्या दशकात मॉसमन कॅलिफोर्नियात पालो आल्टोला डीएनएएक्स नावाच्या संस्थेत होता. १९८६ साली त्याने रॉबर्ट कॉफमन आणि आणखी तिघांबरोबर 'जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी'त एक पेपर छापला. त्याचं सार असं की उंदराच्या हेल्पर टी पेशी, म्हणजे बाकीच्या प्रतिकार पेशींना मदत करणाऱ्या, दिसायला एकसारख्या असल्या तरी त्यांच्यात दोन प्रकार आहेत आणि ते वेगवेगळी रसायनं सोडतात. एक प्रकार इंटरफेरॉन गॅमा सोडणारा, त्याला म्हणाले टीएच १. दुसरा इंटरल्यूकिन ४ वाला, तो टीएच २. पहिला पेशीच्या आत लपून बसणाऱ्या जंतूंशी लढायला बरा, दुसरा जंत वगैरेंसाठी आणि ॲलर्जीत पण त्याचा हात. ह्या एका वाटणीने पुढची वीसेक वर्षं इम्युनॉलॉजीचा अभ्यासक्रम बदलला. कुष्ठरोगाचंच बघा, जंतू तोच, पण एका माणसाला दोन-चार चट्टे येऊन थांबतात आणि दुसऱ्याच्या अंगभर पसरतो, असं का होतं ते सांगताना आजही वर्गात टीएच १ आणि टीएच २ पासूनच सुरुवात होते.

हा झाला विचाराचा पेपर. पण मॉसमनच्या नावावर सगळ्यात जास्त सायटेशन असलेला पेपर हा नव्हेच. तो आहे त्याच्या तीन वर्षं आधीचा, १९८३ चा, 'जर्नल ऑफ इम्युनॉलॉजिकल मेथड्स'मधला, त्यावर नाव एकट्या मॉसमनचं. एमटीटी असे (assay), म्हणजे किती पेशी जिवंत आहेत ते मोजायची चाचणी.

एमटीटी काय ते भाचीला सांगायला नको, तिने एमएस्सीच्या प्रोजेक्टला तेच केलं होतं. बाकीच्यांसाठी सांगतो, मी एकदा तिच्या लॅबमध्ये जाऊन बघितलंय. हातावर मावेल अशी प्लास्टिकची प्लेट, तिला ९६ खळगे, प्रत्येक खळग्यात वाढवलेल्या पेशी. त्यात पिवळं एमटीटीचं द्रावण टाकायचं आणि तीन-चार तास ३७ अंशांवर ठेवायचं. ज्या पेशी जिवंत आहेत त्यांच्यातली एन्झाइम त्या पिवळ्याचं जांभळं करतात, तळाला बारीक सुयांसारखे जांभळे क्रिस्टल धरतात, मेलेल्या पेशींच्या खळग्यात पिवळं ते पिवळंच. वरचं द्रावण अलगद काढायचं, इथे नवशिक्यांचे हात कापतात कारण क्रिस्टल पण त्याबरोबर ओढले जातात, मग डीएमएसओ नावाचं द्रावक घालून क्रिस्टल विरघळवायचे आणि प्लेट रीडरमध्ये घालून ५७० नॅनोमीटरला वाचायची. जितकं जांभळं गडद तितक्या पेशी जिवंत. ह्याच्या आधी असल्या मोजणीला किरणोत्सारी थायमिडिन वापरायचे, त्याची सगळी झंझट, वेगळा परवाना, वेगळा कचरा. मॉसमनला लिम्फोकाइनचे, म्हणजे टी पेशींसारख्या पेशी सोडतात त्या रसायनांचे, नमुने भराभर मोजायचे होते आणि ही पद्धत त्याला त्यासाठी सोयीची होती.

आणि मग ती सुटली ती सुटलीच. कॅन्सरवाले, फार्मसीवाले, नॅनोपार्टिकलवाले, डेंटल मटेरियलवाले, सगळे एमटीटी करतात. आमच्या इथल्या कोणत्याही फार्मसी कॉलेजचं प्रोजेक्ट उघडा, भिंडांचा म्हणजे कोकमांचा अर्क, खारफुटीच्या पानांचा अर्क, दोना पावलच्या खडकावरून आणलेला स्पंज, काही पण असो, त्याचा कॅन्सरच्या पेशींवर परिणाम बघितला की पद्धतीच्या भागात एक ओळ येते, मॉसमन १९८३. लिहिणाऱ्याने तो पेपर उघडलेला असतोच असं नाही, सिनियरच्या थिसिसमधून ती ओळ जशीच्या तशी उतरवलेली असते, कधी कधी तर पान नंबरची चूक पण जशीच्या तशी. त्यामुळे त्या पेपरचं सायटेशन दहा-दहा हजारांच्या टप्प्यांत गेलंय आणि टीएच १, टीएच २ चा तो विचार पालटणारा पेपर त्याच्या खूप मागे राहिलाय. जेवण सगळ्यांनी वाखाणावं आणि नाव मात्र आदोळीचं व्हावं तसं झालं हे. आदोळी नसली तर खोबरं खवलं जात नाही हे पण खरं, म्हणून मी तिला हलकी म्हणत नाही.

आता ह्याच्यावर एच इंडेक्स लावून बघा. तो एवढा मोठा एमटीटीचा पेपर एच इंडेक्समध्ये धरला जातो किती? एक. फक्त एक. ५० सायटेशनवाला पेपर पण एक आणि ५० हजारवाला पण एक. म्हणजे एकूण सायटेशन बघितली तर मॉसमन म्हणजे एमटीटीच वाटेल, आणि एच इंडेक्स बघितला तर एमटीटी जवळजवळ गायब. दोन्ही आकडे बरोबर, आणि दोन्हींवरून त्या माणसाने नेमकं केलं काय ते कळत नाही. त्याचं पान उघडून एकेक पेपर वाचला तर कळतं.

ही एकट्या मॉसमनची गोष्ट नाहीये. २०१४ मध्ये 'नेचर'ने आजवर सगळ्यात जास्त सायटेशन मिळालेल्या १०० पेपरांची यादी केली होती, पहिला नंबर ऑलिव्हर लाउरीच्या १९५१ च्या पेपरचा, प्रथिनं किती आहेत ते मोजायची पद्धत, ३ लाखांच्या वर सायटेशन. यादीत बहुतेक सगळ्या पद्धतीच. वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा डीएनएवाला पेपर त्या शंभरात नाहीच! हे मी आमच्या स्टाफरूममध्ये सांगितलं तर एका सरांनी विश्वासच ठेवला नाही, मोबाईल काढून बघत बसले.

उलट बाजू पण आहे. १९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाइन यांनी हायब्रिडोमा, म्हणजे दोन पेशींची मिळून एक जोडपेशी, करून मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे सगळी एकाच साच्यातली अँटिबॉडी, बनवली, १९८४ मध्ये नोबेल मिळालं, त्यांच्या पद्धतीचं पेटंट पण घेतलं गेलं नव्हतं. आज मेडिकलमध्ये मिळणारी प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी ह्याच अँटिबॉडीवर चालते, कॅन्सरची कितीतरी औषधं त्यावर चालतात, जगातली कुठलीही इम्युनॉलॉजी लॅब तिच्याशिवाय एक दिवस चालणार नाही. पण आता कोणी मोनोक्लोनल अँटिबॉडी वापरली म्हणून त्या पेपरचा संदर्भ देतं का? नाही देत. कंपनीचं नाव आणि कॅटलॉग नंबर लिहून मोकळे. शोध इतका रुळला की नाव गळून पडलं. मर्टन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने ह्या प्रकारावर बरंच लिहून ठेवलंय. म्हणजे एकीकडे वापरलं म्हणून सायटेशन आणि दुसरीकडे फारच वापरलं म्हणून सायटेशन बंद, आता ह्यात बसवा तुमचं गणित.

अजून एक प्रकार म्हणजे रिव्ह्यू. नवीन प्रयोग नाही, आधीच्या पन्नास-शंभर पेपरांचं मिळून केलेलं एक संकलन, आणि लोकांना ते फार सोयीचं पडतं, मूळ पन्नास वाचण्यापेक्षा एक वाचला आणि त्याचाच संदर्भ ठोकला. पणजीत चर्चच्या समोर ज्याच्या नावाची बाग आहे त्या गार्सिया द ओर्ताचंच घ्या. त्याने १५६३ साली इथे गोव्यात पोर्तुगीजमध्ये औषधी वनस्पतींवर पुस्तक छापलं, चारच वर्षांनी क्लूसियसने त्याचं लॅटिनमध्ये काटछाट करून सार काढलं, आणि युरोपातल्या बहुतेकांनी ओर्ता वाचला तो ह्या साराच्या वाटेने. क्लूसियसने चोरी केली नव्हती, ओर्ताचं नाव ठेवलं होतं, तरी हातात पडायचं ते क्लूसियसचं पुस्तक. रिव्ह्यू पेपरचं तेच. म्हणून एखाद्या इम्युनॉलॉजिस्टच्या पानावर वरचे पाचही पेपर रिव्ह्यू असतील तर मी तिथे जरा थांबतो.

जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल, म्हणजे त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्या आकड्याबद्दल, मी फार बोलत नाही, त्याच्यावर लोक लिहून लिहून दमले. फक्त एक कोंबडीची गोष्ट सांगतो कारण ती मला भयंकर आवडते. १९५० च्या दशकात ओहायोत ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी कोंबडीच्या शेपटीकडच्या एका पिशवीवर काम करत होता, बर्सा ऑफ फॅब्रिशियस. ती कशासाठी असते ते कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून ह्याने पिल्लांची ती काढून टाकली आणि काय होतंय ते बघत बसला. तसं काही दिसेना. मग टिमथी चँग नावाच्या दुसऱ्या विद्यार्थ्याला वर्गात अँटिबॉडी कशी तयार होते ते दाखवायला कोंबड्या हव्या होत्या, त्याने ग्लिककडच्या नेल्या, साल्मोनेला टोचला, आणि अँटिबॉडी तयारच होईना! वर्गातलं प्रात्यक्षिक फसलं आणि इम्युनॉलॉजीला बी पेशींचा, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचा, रस्ता सापडला. पेपर 'सायन्स'ला पाठवला तर परत आला. शेवटी १९५६ साली छापला कुठे, तर 'पोल्ट्री सायन्स'मध्ये. बी पेशीतला बी हा त्या बर्साचाच. कितीतरी वर्षं इम्युनॉलॉजीवाल्यांनी तो पेपर बघितलाच नाही, कारण ते कशाला कोंबड्यांचं मासिक चाळतील. मग १९६५ च्या सुमारास मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी ते सूत्र उचललं तेव्हा कुठे ते पुढे गेलं. आमच्या फाईलच्या हिशेबात 'पोल्ट्री सायन्स'ला ग्लिकला किती पॉइंट मिळाले असते ते तुम्हीच बघा.

बरं, आता गूगल स्कॉलरचं सांगतो म्हणालो होतो. एकाच माणसाचा एच इंडेक्स तीन ठिकाणी तीन असतो. वेब ऑफ सायन्स निवडक जर्नलं धरतं, स्कोपस त्याहून जास्त, आणि गूगल स्कॉलर थिसिस, कॉन्फरन्सची पुस्तिका, कोणाच्या वेबसाईटवर टाकलेली पीडीएफ असं सगळं ओढतं, म्हणून तिथला आकडा नेहमी फुगीर. आणि आपल्याकडे आडनावांचा घोळ. एस. नाईक ह्या नावाने गूगल स्कॉलरवर शोधा, गंमत बघा. एस. नाईक फिजिक्सचे, एस. नाईक भाताच्या किडीचे, एस. नाईक बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, ऑर्थोपेडिकला. फर्नांडिसांचं पण तसंच. प्रोफाईल उघडताना गूगल विचारतं हे पेपर तुमचेच का, लोक घाईत हो हो करून टाकतात आणि इम्युनॉलॉजीच्या माणसाच्या खात्यात खाडीतल्या गाळाचे पेपर येऊन पडतात. २०१२ पासून ऑर्किडचा (ORCID), म्हणजे प्रत्येक संशोधकाच्या ओळखीचा, १६ आकडी नंबर निघालाय तो ह्याचसाठी, पण तो काढून सांभाळायचा कंटाळा.

जे कुठल्याच डेटाबेसात धड येत नाहीत त्यांचं काय? बाणावलीचे डॉ. फ्रोइलानो द मेलो. १८८७ चा जन्म, पणजीच्या मेडिकल स्कूलचे संचालक, म्हणजे आजच्या गोमेकॉच्या पूर्वजाचे. परजीवींवर आयुष्यभर काम केलं, माकाझनला कुष्ठरोग्यांचं इस्पितळ त्यांनी उभं केलं. लिहिलं बहुतेक पोर्तुगीज आणि फ्रेंचमध्ये. आज गूगल स्कॉलरवर त्यांचा एच इंडेक्स काढायला बसलात तर हाताला जे लागेल त्यावरून वाटेल की हा कोणी हौशी डॉक्टर असावा. ज्या भाषेतून जग वाचत नाही तिथे लिहिलेलं ह्या यंत्रांच्या चाळणीतून खाली पडतं, आणि हे फक्त जुन्या काळाचं नव्हे.

विषयाचा आकार पण बघायला हवा. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे पेशंट निघायला लागले, पुढच्याच वर्षी शेजारी दोडामार्गात. काजूच्या हंगामात लोक रानात जातात, गोचिडी चावतात, आणि क्यासनूर जंगलातला १९५७ चा तो विषाणू आपल्या वाळपईच्या दारात. ह्या तापात शरीराची प्रतिकारशक्ती नेमकं काय करते ह्यावर काम करणारे जगात थोडेच, पुण्याची एनआयव्ही ही विषाणूंवरची संस्था आणि कर्नाटकातले काही. मग त्यांच्या पेपरला सायटेशन देणार कोण? त्या विषयात आहेतच मूठभर. उलट कोव्हिडवर २०२० मध्ये कोणी काहीही छापलं तरी महिन्याभरात शंभर सायटेशन. 'लॅन्सेट'चा इम्पॅक्ट फॅक्टर त्या लाटेत २०० च्या वर गेला होता, आधी शंभराच्या खाली असायचा. जर्नल तेच, माणसं तीच. ताळगाव पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठात, बसून बुरशीच्या नव्या जाती ओळखणाऱ्याला तर इम्युनॉलॉजीवाल्याच्या शेजारी उभं करणंच चूक आहे, बुरशीवाल्याचा संदर्भ घेणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी आणि त्याचं काम पन्नास वर्षांनी पण लागणार.

त्या २ टक्केवाल्या यादीबद्दल एक चांगलं सांगायला पाहिजे, कारण ती वाटते तितकी बाळबोध नाहीये. स्टॅनफर्डच्या जॉन इओआनिडिस यांनी सुरू केली ती, आकडे स्कोपसचे. तिच्यात नुसतं एकूण सायटेशन धरत नाहीत, सहा गोष्टी मिळून गुण काढतात, पेपरवर किती जणांची नावं आहेत, हा माणूस पहिला लेखक होता की शेवटचा की मधल्या गर्दीतला, ते सगळं धरतात, आणि विषयवार तुलना करतात. स्वतःचेच पेपर स्वतःच किती वेळा सायटेशनमध्ये घातले तो टक्का पण दिलेला असतो. एक यादी पूर्ण कारकिर्दीची आणि एक फक्त त्या एका वर्षाची. आपल्या बातम्यांत जी नावं येतात ती बहुतेक एका वर्षाच्या यादीतली, पण तसं कोणी लिहीत नाही, आणि स्टॅनफर्डने गौरव केला असं लिहितात, जणू कोणी तिथून शाल घेऊन आलं. एक्सेल शीट आहे हो ती. कोणालाही डाउनलोड करता येते.

मग भाचीचे ते दोघे. मी बसलो आणि दोघांची पानं उघडली, नावं अर्थात सांगत नाही. ४६ वाल्यांचे वरचे तीन पेपर म्हणजे जगभरातल्या शेकडो लेखकांचे रोगभाराचे मोठे अभ्यास, त्यात ह्यांचं नाव मध्ये कुठेतरी, शोधायला कंट्रोल एफ मारावं लागलं. असल्या पेपरात नाव असणं काही गुन्हा नाही, आकडेवारी दिलेली असते त्यांनी, पण त्यावरून लॅबमध्ये काय चालतं ते समजत नाही. त्याखाली रिव्ह्यू. त्याच्याखाली वनस्पतींचे अर्क आणि मॉसमन १९८३. इम्युनॉलॉजीचा खरा म्हणावा असा प्रयोग शोधायला मला तिसऱ्या पानावर जावं लागलं.

१९ वाल्यांचे पेपर कमी, वर्षाला एखाद-दुसरा, पण विषय एकच धरून चाललेला, कुष्ठरोगात टी पेशी दमतात कशा त्याचा. शेवटचा लेखक, म्हणजे लॅबचा प्रमुख, बहुतेक वेळा तेच आणि पहिल्या जागी दरवेळी वेगळं नाव, म्हणजे विद्यार्थ्यांना पहिलं नाव मिळतं, आपल्याकडे हे गृहीत धरता येत नाही. त्यांच्या एका पेपरला कोणी कोणी सायटेशन दिलंय त्या यादीवर क्लिक करून मी काही उघडून वाचले. दोन ठिकाणी लोकांनी त्यांच्याशी चक्क भांडण काढलंय, तुमचा निष्कर्ष आमच्या पेशंटमध्ये दिसत नाही म्हणून, आणि एकाने त्यांची पद्धत जशीच्या तशी उचलून टीबीत वापरलीय. भांडणाचं सायटेशन पण आकड्यात एकच धरतात, पण मला विचाराल तर दोन कडकडीत भांडणं ही दहा पोकळ सायटेशनला भारी, कारण भांडायला आधी वाचावं लागतं. टीएच १, टीएच २ वर पण लोक असेच तुटून पडले होते, २००५ नंतर टीएच १७ हा आणखी एक प्रकार आला, त्याच्या आधीपासून प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या रेग्युलेटरी टी पेशी होत्याच, दोनच खोके पुरत नाहीत असं म्हणत जे पेपर आले त्या सगळ्यांनी मॉसमनचा संदर्भ दिलाच ना.

भाचीच्या बाबांना, म्हणजे आमच्या भावोजींना, हे पटलं नाही. ते म्हणाले, "मोठा आकडा तो मोठा माणूस, उद्या पोस्टडॉकला परदेशी जायचं तर कोणाची चिठ्ठी चालेल?" त्यांचं अगदीच खोटं नाही, परदेशातल्या कमिटीला पण आकडे बघायची सवय लागलेली असते, आणि नोकरीच्या बाजारात मी सांगतो तसं एकेक पेपर उघडून वाचायला कोणाकडे वेळ असतो. मी त्यांना मेरी ब्रंकोचं उदाहरण दिलं. २०२५ चं मेडिसिनचं नोबेल साकागुची आणि रॅम्सडेल यांच्याबरोबर तिला मिळालं, रेग्युलेटरी टी पेशींच्याच कामासाठी. नावावर पेपर मोजकेच, प्रोफेसर नाही, ह्या पेशींना लागणाऱ्या फॉक्सपी३ जनुकाचं ते काम तिने आणि रॅम्सडेलने एका बायोटेक कंपनीत असताना केलेलं, आता सिॲटलच्या एका संस्थेत प्रोग्राम मॅनेजर आहे. भावोजी म्हणाले, "नोबेल मिळालं म्हणून सांगतोयस, नसतं मिळालं तर?" ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, चहा घेतला.

भाचीने मात्र हे सगळं ऐकून घेतलं आणि मग तिच्या डोक्यात खरंच घोळत होतं ते विचारलं. जेआरएफचे, म्हणजे पीएचडीच्या फेलोशिपचे, महिन्याचे ३७ हजार कागदावर आहेत पण हातात कधी पडतात, लॅबमधला पेशी एकेक करून मोजणारा फ्लो सायटोमीटर चालू आहे की कव्हर घालून ठेवलाय, आणि आधीचे विद्यार्थी पाच वर्षांत सुटले की आठ. "मामा, हे कुठे बघायचं? स्कोपसवर असतं?"

नसतं गे. त्यांच्याकडे तिसऱ्या-चौथ्या वर्षाला कोण आहे ते पेपरच्या पहिल्या नावावरून काढ, आणि रविवारी दुपारी त्याला फोन कर, लॅबमध्ये असताना नको.